पट घटलेला मुलूख

३० सप्टेंबर जवळ आला की जिल्हा परिषदेच्या शाळांमधल्या शिक्षकांचा जीव टांगणीला लागतो. त्या दिवशी हजेरीपटावर जितकी मुलं, आणि त्यांतली जितकी आधारशी जुळलेली, त्यावर पुढची संच मान्यता ठरते. म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार, कोण ‘अतिरिक्त’ ठरणार आणि कोणाचं समायोजन कुठल्या तालुक्यात होणार हे त्या एका आकड्यावर. संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत मी पोचलो तेव्हा बाई हाच हिशेब मांडून बसल्या होत्या. पट सात. इयत्ता चार. पहिली आणि दुसरी एका सतरंजीवर, तिसरी-चौथी दुसऱ्या. व्हरांड्यात खिचडीचं पातेलं, भिंतीवर नकाशा आणि त्याच्या शेजारी पावसाने धरलेली ओल.

“चौथीतली दोघं जूनमध्ये पाचवीला खाली जातील. अंगणवाडीतून एक येईल. दुसरी आहे, पण तिचे पप्पा नालासोपाऱ्याला खोली बघतायत,” बाईंनी बोटांवर मोजत सांगितलं. सातातून दोन वजा, एक मिळवला, सहा. पप्पांना खोली नाही मिळाली तर सात. एका माणसाला उपनगरात भाड्याची खोली मिळते की नाही यावर इथे सरकारी शाळेचं भवितव्य लटकलेलं आहे.

संपादकांनी दिलेला विषय मोठा होता : लोकसंख्येचा कल आणि देशाची उद्याची धोरणं. असा विषय आला की दिल्लीतल्या तज्ज्ञांना फोन लावायचे असतात. मी कोकणची वाट धरली, कारण देशात पुढच्या वीस-तीस वर्षांत ज्यावरून रणं माजणार आहेत ते इथे आधीच घडून गेलेलं आहे. इथे कोणी रण माजवलं नाही, एवढाच फरक.

शून्याखालचा आकडा

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या दहा वर्षांत जवळपास १६ टक्क्यांनी वाढली. ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी फुगला आणि एक कोटी दहा लाखांवर जाऊन देशातला सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा ठरला. त्याच तक्त्यात रत्नागिरीपुढे उणे चिन्ह होतं. १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजार. सुमारे ८२ हजार माणसं कमी. सिंधुदुर्गात १९ हजार कमी. राज्यात असं तिसरं उणे चिन्ह मुंबई शहर जिल्ह्यापुढे होतं. तिथली चाळीतली माणसं जागेच्या भावाने उपनगरांत आणि पुढे ठाणे-पालघरकडे ढकलली गेली. त्यांतली बरीचशी मूळची रत्नागिरी-सिंधुदुर्गाचीच, हे लालबाग-परळ पाहिलेल्या कोणालाही सांगायला नको.

कोकणातून माणूस बाहेर जाणं जुनंच. गिरण्यांच्या काळात घरचा कर्ता मुंबईत आणि बायकामुलं, म्हातारीकोतारी गावी अशी विभागणी असायची. पोस्टमन मनिऑर्डर घेऊन यायचा, त्यावर गाव चालायचं. २०११ मध्येही रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, ती त्याच रीतीची खूण. जिल्ह्यांच्या यादीत हा आकडा अभिमानाने दाखवला जातो तेव्हा मला हसू येतं. मुलींचं स्वागत होतं म्हणून हे प्रमाण चढलेलं नाही, पुरुष गाडीत बसून गेले म्हणून ते चढलं आहे.

पण पूर्वी पुरुष गेला तरी गावात मुलं जन्मत होती, गावातच शिकत होती. आता जोडपं जातं, आणि मूल जन्मतं ते दिव्याला किंवा विरारला. शिवाय मुलंच कमी होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा एकूण जननदर २ वर आला होता. पिढीच्या जागी पिढी उभी राहायला २.१ लागतो. महाराष्ट्राचा १.७, गोव्याचा १.३. आधी माणसं गेली, मग पाळणा थांबला. दोन्ही एकावर एक आलं की सातचा पट होतो.

गाव रिकामं मात्र नाही. आंब्याच्या बागांत दिवाळीनंतर नेपाळी गुरखे येतात. बागेची राखण, फवारणी, काढणी सगळं त्यांच्या अंगावर. मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवर नेपाळी खलाशी आहेत. चिऱ्याच्या खाणींत कर्नाटकातले मजूर. ज्या कलमांची राखण आजोबा आणि नातू मिळून करायचे, त्या कलमांखाली आज पत्र्याच्या खोपटात एक नेपाळी जोडपं स्वयंपाक करतं, आणि बागेचा मालक त्यांना पैसे अंधेरीतून फोनवर पाठवतो.

खेड गेलं, संगमेश्वर गेलं

२००९ च्या निवडणुकीला कोकणातल्या मतदारांनी पाहिलं की खेड हा विधानसभा मतदारसंघ उरलेला नाही. संगमेश्वर नाही. मालवण नाही. लोकसभेचा राजापूर मतदारसंघ, ज्याने बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते दिल्लीला पाठवले, तोही गेला; रत्नागिरी आणि राजापूर सांधून रत्नागिरी-सिंधुदुर्ग असा एक लांबलचक मतदारसंघ झाला आणि वरची दापोली-गुहागर रायगडला जोडली गेली. त्याच फेररचनेत जुन्या ठाणे जिल्ह्याला २४ आमदार मिळाले.

चौकातल्या टपरीवर मी हे काढलं तर एक काका म्हणाले, “आमचेच लोक तिकडे जाऊन तिकडची सीट वाढवतात.” बरोबर आहे. कळव्यात राहणारा संगमेश्वरचा माणूस कळव्यात मोजला जातो आणि कळव्याचा आमदार निवडतो. त्याच्या आईला मात्र आता चिपळूणच्या आमदाराकडे जावं लागतं.

आता हेच चित्र देशाच्या नकाशावर धरून बघा. १९७१ च्या जनगणनेत तामिळनाडूची लोकसंख्या ४ कोटी १२ लाख होती आणि आजच्या सीमांमधल्या बिहारची ४ कोटी २१ लाख. जवळजवळ बरोबरी. आज लोकसभेत तामिळनाडूच्या ३९ जागा, बिहारच्या ४०. पण २०११ मध्ये तामिळनाडू ७ कोटी २१ लाखांवर होतं आणि बिहार १० कोटी ४१ लाखांवर. माणसामागे मत हा न्याय लावला तर बिहारच्या जागा भराभर वाढायला हव्यात. त्या वाढल्या नाहीत, कारण १९७६ मध्ये बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्याराज्यांतल्या जागांचं वाटप १९७१ च्या आकड्यांवर गोठवलं. कारण साधं होतं : केंद्र राज्यांना सांगत होतं की लोकसंख्या आवरा, ज्याने आवरली त्याच्याच जागा कापल्या तर कोण आवरेल? ती मुदत २००१ मध्ये संपत आली तेव्हा चौऱ्याऐंशिव्या दुरुस्तीने ती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. ती जनगणना आता जाहीर झाली आहे. म्हणून २०२५ च्या मार्चमध्ये स्टॅलिन यांनी चेन्नईत इतर राज्यांच्या नेत्यांना बोलावून बैठक घेतली, आणि त्याच्या आधी कोइम्बतूरला अमित शहांना सांगावं लागलं की दक्षिणेची एकही जागा कमी होणार नाही. महिलांचं तेहेतीस टक्के आरक्षणही २०२३ च्या घटनादुरुस्तीने याच फेररचनेला बांधून ठेवलेलं आहे.

यातली गोम अशी की हा गोठवण्याचा न्याय राज्याराज्यांमध्येच लागू होता, राज्याच्या पोटात नाही. महाराष्ट्राचे ४८ खासदार आणि २८८ आमदार तेवढेच राहिले, पण आतल्या रेषा २००१ च्या जनगणनेवर नव्याने आखल्या गेल्या. तामिळनाडूने लोकसंख्या आवरली म्हणून त्याला पन्नास वर्षं संरक्षण मिळालं. रत्नागिरीला पाच मिनिटंही नाही.

महाराष्ट्राचे पुढारी या वादात एवढे गप्प का, याचंही उत्तर आकड्यांत सापडतं. १९७१ मध्ये महाराष्ट्र देशाच्या ९.२ टक्के होता, २०११ मध्ये ९.३. जन्म घटले तरी बाहेरून माणसं येत राहिली आणि राज्याचा वाटा होता तिथेच राहिला. एकूण बेरजेत तोटा नाही, मग तक्रार कोण करणार? तोटा झालेले जिल्हे बेरजेत दिसत नाहीत.

पैशाच्या वाटणीतही असंच आहे. केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा ठरवताना पंधराव्या वित्त आयोगाने १९७१ ऐवजी २०११ ची लोकसंख्या धरली. दक्षिणेकडून ओरड झाली, मग जननदर खाली आणल्याबद्दल १२.५ टक्क्यांचं वेगळं वजन ठेवलं, क्षेत्रफळाला १५ टक्के, जंगलाला १० टक्के. म्हणजे राज्यांशी व्यवहार करताना डोकी हाच एक निकष पुरत नाही हे दिल्लीला मान्य आहे. पण त्याच आयोगाने ग्रामपंचायतींसाठी राज्यांचे पैसे ठरवले तेव्हा ९० टक्के वजन लोकसंख्येला आणि १० टक्के क्षेत्रफळाला दिलं. गावात या पैशाला नुसतं ‘पंधरावा वित्त’ म्हणतात. “पंधराव्या वित्ताचे आले का?” हा सरपंचांच्या फोनवरचा नेहमीचा प्रश्न.

मी ज्या सरपंचांना भेटलो त्यांचं गणित सरळ होतं. “माणसं निम्म्यावर आली तरी वाड्या तेवढ्याच. पाइप तेवढाच लांब, पाखाडी तेवढीच लांब, दिव्याचे खांब तेवढेच. पावसात दरड आली तर ती काय लोकसंख्या बघून येते?” डोंगरउतारावर विखुरलेल्या गावात दरडोई हा शब्दच फसवा ठरतो. बारामतीकडच्या सपाट गावात हजार माणसांना एक टाकी पुरते. इथे त्याच हजारांसाठी पाच टाक्या लागतात, कारण वाडीवाडीत ओढा आणि चढ आहे.

तिसरं मूल

सरपंचपदाची निवडणूक लढवायची तर १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेलं नसावं लागतं. त्या अटीवर महाराष्ट्रात आजवर कितीतरी सदस्य अपात्र ठरले आहेत. सरकारी नोकरीतही २००५ पासून लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र मागतात. या अटींमागे मोठा इतिहास आहे आणि त्यात महाराष्ट्र नेहमी दोन पावलं पुढे राहिला. ज्यांचं मूळ गाव याच जिल्ह्यातलं, दापोलीजवळचं मुरूड, त्या र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं आणि त्यापायी नोकरी आणि समाजात बसणं-उठणं दोन्ही गमावलं. ते पाऊल बाईच्या आरोग्यासाठी, तिच्या मर्जीसाठी होतं. पुढे आणीबाणीत, १९७६ मध्ये, तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कागदावर राहिलं, हे आपलं नशीब. कर्व्यांचं नाव घेत आपण दोन्हींना एकाच माळेत ओवतो, ते बरोबर नाही.

आता वारं फिरतं आहे. आंध्र प्रदेशात १९९४ पासून अशीच दोन मुलांची अट होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या विधानसभेने ती काढून टाकली. चंद्राबाबू नायडू, जे एके काळी लहान कुटुंबाचे खंदे पुरस्कर्ते होते, ते आता लोकांना जास्त मुलं होऊ द्या म्हणतात. दिल्लीत तर २०१९ साली दीड महिन्यात दोन सूर ऐकू आले. जुलैतल्या आर्थिक पाहणीत एक आख्खं प्रकरण होतं की लोकसंख्यावाढ झपाट्याने मंदावते आहे, तेव्हा नव्या शाळा बांधण्याऐवजी असलेल्या एकत्र करा, दवाखान्यांतल्या खाटा वाढवा, निवृत्तीचं वय वाढवायचा विचार करा. आणि १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी लोकसंख्येच्या विस्फोटाची चिंता केली, लहान कुटुंब ठेवणं ही देशभक्ती म्हटली. धोरणाची गाडी एका दिशेला आणि भाषणाची दुसऱ्या.

संगमेश्वरातल्या या गावात मात्र तिसऱ्या मुलाचा प्रश्न नाही. इथे निवडणुकीला उभं राहायला पन्नाशीच्या आतला माणूस शोधावा लागतो. एका वॉर्डात अर्जच आला नव्हता, मग तलाठी कार्यालयात काही कामासाठी आलेल्या एका निवृत्त मास्तरांना धरून आणलं, असं सरपंच सांगत होते. तरी अट आहे ती आहे.

‘शाळा एकत्र करा’ हा सल्ला मात्र महाराष्ट्राने मनावर घेतला. वीसच्या आत पट असलेल्या शाळा राज्यात १४ हजारांहून जास्त. २०२३ मध्ये समूह शाळांचे प्रस्ताव मागवले गेले. पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही उदाहरणं पुढे ठेवली. २०२४ मध्ये वीसच्या आतल्या पटाच्या शाळांत दुसरा शिक्षक कायमचा न देता निवृत्त किंवा कंत्राटी द्यायचं ठरलं, शिक्षक रस्त्यावर आले, मग ती मर्यादा दहावर आणली. पानशेतचं मॉडेल वाईट नाही. चांगल्या खोल्या, चांगले शिक्षक, बसची सोय असेल तर सात मुलांत एकट्या पडलेल्या पोराला तिथे सोबती मिळतात. बाईंनाही ते पटतं. “इथे कबड्डीची टीमसुद्धा होत नाही,” त्या म्हणाल्या. पण बस? वाडीपासून डांबरी रस्ता दीड किलोमीटर, मधे पऱ्या, म्हणजे ओढा, आणि जुलै-ऑगस्टात त्याला छातीएवढं पाणी. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं लिहिलं आहे. नकाशावर एक किलोमीटर मोजणाऱ्याला पऱ्या दिसत नाही.

आशाताईंची यादी

एका हजार लोकसंख्येमागे एक आशा, हा निकष. या गावच्या आशाताईंकडे तीन वाड्या आणि एक सडा. त्यांच्याबरोबर मी दुपारभर हिंडलो. हातात दोन वह्या. पातळ वही गरोदर बाया आणि लहान मुलांची. तिच्यात यंदाची बरीच पानं कोरी. जाड वही बीपी, शुगर, मोतीबिंदू, पडून मोडलेलं खुब्याचं हाड यांची.

आशाताईंचा मोबदला कामागणिक असतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. ते काम कुठलं, हे फारसं नसतं. बाळंतपण दवाखान्यात नेलं तर पैसे. नवजात बाळाच्या घरी बेचाळीस दिवसांत ठरलेल्या भेटी दिल्या तर २५० रुपये. लसीकरण पूर्ण केलं तर पैसे. २००५ साली ही योजना आखली तेव्हा देशाची काळजी माता आणि बालमृत्यूची होती, आणि ती योग्यच होती. पण जिथे वर्षाला बाळंच दोन-तीन, तिथे त्यातली कमाई आटते, आणि ज्या कामात त्यांचा दिवस जातो, म्हणजे एकट्या आजीला गोळ्या वेळेवर घ्यायला लावणं, तिच्या मुलाला व्हिडिओ कॉल लावून देणं, चुलीपाशी पडली तर चारजण गोळा करून डोलीने रस्त्यापर्यंत नेणं, त्याचा बराचसा भाग कुठल्याच रकान्यात बसत नाही.

एका घराच्या पडवीत आजी सुपारी कातरत बसल्या होत्या. वय विचारलं तर म्हणाल्या, “मोठा पूर आला तेव्हा पदरात दोन होती.” दोघंही मुंबईला. आजींचा अंगठा रेशनच्या मशिनवर उठत नाही, म्हणून दर महिन्याला शेजारचा मुलगा त्यांना स्कूटरवर घेऊन जातो आणि डोळ्यांवर प्रयत्न करतो. त्यांचं नाव निदान यादीत आहे. त्यांच्या जावेची सून नवरा वारल्यावर गावी परतली, तिचं नाव रेशनकार्डावर चढलं पण धान्य सुरू नाही. “इष्टांक संपला म्हणतात,” आशाताईंनी सांगितलं.

इष्टांक म्हणजे राज्याला ठरवून दिलेली लाभार्थ्यांची कमाल संख्या. अन्नसुरक्षा कायद्याखाली देशाची ती ८१ कोटी ३५ लाख आहे, महाराष्ट्राची ७ कोटींच्या आसपास, आणि ती २०११ च्या जनगणनेवर काढलेली. २०२१ ला व्हायची जनगणना झालीच नाही. त्यामुळे २०११ च्या डोक्यांवर आजचं धान्य वाटलं जातं. एखादा मेला किंवा वगळला गेला की मगच दुसऱ्याला जागा. वृद्धांच्या पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयाला महिना २०० रुपये आहे, आणि २००७ पासून तो तेवढाच. महाराष्ट्र त्यात भर घालून १५०० देतो, म्हणून इथे चूल पेटते. देश म्हातारा होतो आहे हे सगळे अहवाल सांगतात. त्या म्हातारपणाची किंमत दिल्लीच्या हिशेबात अजून दोनशे रुपयेच आहे.

फेब्रुवारीतली गणती

नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७. आधीची रीत पाहिली तर माणसांची प्रत्यक्ष मोजणी त्याच्या अगोदरच्या फेब्रुवारीत होते, आणि जो माणूस त्या दिवसांत जिथे राहतो तिथे तो मोजला जातो. तेव्हा बागांत मोहोर असेल, गुरखे बागेत असतील, ते इथले म्हणून मोजले जातील. चाकरमानी नसतील. शिमगा त्या वर्षी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यानंतर आहे. पालखी नाचवायला खांदे लागतात म्हणून तेव्हा प्रत्येक घरातून निदान एक जण येतोच, मे महिन्यात गाव भरलेलं असतं, गणपतीत तर घरात पाय ठेवायला जागा नसते. पाण्याची टंचाई नेमकी मे महिन्यात, आणि टँकरची मागणी करताना तालुक्याला दाखवायची लोकसंख्या फेब्रुवारीतली.

सरपंच नानांनी गावातल्या घरांची स्वतःची यादी केली आहे. वहीत दोन रकाने, ‘उघडी’ आणि ‘बंद’. दुसरा रकाना लांब आहे. ती वही घेऊन ते गेल्या पावसाळ्यात मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाच्या सभेला गेले होते, भांडुपच्या एका शाळेच्या हॉलमध्ये. त्यांनी मांडलं की २०२७ च्या फेब्रुवारीत म्हाताऱ्या आईवडिलांना तरी मुंबईला नेऊ नका, आणि जे निवृत्त होऊन गावी यायचं म्हणतात त्यांनी त्या आधीच यावं. गावची डोकी वाढली तर पंधराव्या वित्तानंतर जे काही येईल त्यात चार पैसे जास्त येतील, उपकेंद्र टिकेल, वस्तीची एसटी बंद होणार नाही.

सभेत कोणी विरोध केला नाही. चहा झाल्यावर मात्र दोघा-तिघांनी त्यांना बाजूला घेतलं. त्यांच्या झोपडपट्टीचं पुनर्वसन चालू होतं; घरटी पुरावे, सर्वेक्षण, कोण राहतं कोण नाही याची तपासणी. “नाना, आमची डोकी इथे दिसायला हवीत,” त्यातला एक म्हणाला, “नाहीतर इथलीही खोली जाईल.” नानांनी वही पिशवीत घातली. परतीच्या गाडीत बसल्यावर त्यांनी ‘बंद’ रकान्यातल्या घरांपुढे पेन्सिलीने एकेक आकडा लिहायला सुरुवात केली : शिमग्याला किती येतात, मेमध्ये किती, गणपतीत किती. हा कागद ते आता पाणीपुरवठ्याच्या प्रस्तावाला जोडून तालुक्याला देणार आहेत.